अठ्ठेचाळीस किलोची जागा

दुसऱ्या कॉलेजातून बदली होऊन येणाऱ्या मुलांना पठार विद्यापीठात सगळ्यात आधी वजनकाट्यावर उभं करतात. मंगळवारी सकाळी केतकी शिरधनकर त्या काट्यावर साडेअकरा किलो भरली.

"उतर. चपला काढ. परत चढ," पात्रता विभागाच्या घोरपडेबाई म्हणाल्या.

केतकीनं तसं केलं. चपलांचा पाव किलो गेला आणि सव्वाअकरा उरले.

घोरपडेबाईंनी अर्ज डोळ्यांजवळ नेला. अर्जावर केतकीच्याच अक्षरात लिहिलं होतं, वय वीस, उंची पाच फूट एक इंच, वजन अठ्ठेचाळीस. बाईंनी कानामागची पेन्सिल काढून कागदाच्या कडेला वजाबाकी केली.

"बाकीची कुठाय?"

"बाकीची कोण?"

"बाकीची तू. पावणेसदतीस किलो."

"मी एवढीच आलेय. सकाळच्या एसटीनं. बॅग बाहेर आहे."

"बॅग धरत न्हाईत," बाई म्हणाल्या.

त्यांच्या आवाजात आश्चर्य म्हणून नव्हतं. पंचवीस वर्षं त्या या खुर्चीवर होत्या आणि अर्धवट आलेली मुलं त्यांनी ढिगानं पाहिली होती. घरच्या आठवणीत अडकलेले दोन किलो विद्यापीठ चालवून घेत असे, तसा ठरावच होता. प्रेमात पडलेल्यांना तीन. "पण पावणेसदतीस म्हंजे तू तिकडंच हाईस बाळ. हितं आलंय ते तुझं नुसतं टोक." आणि जास्त वजनही चालत नसे. प्रत्येक जागेचं वजन ठरलेलं असतं, ही जागा अठ्ठेचाळीसची. "मागल्या साली एक पोरगा भरला एकशे दहा. एवढासा हडकुळा. बघितलं तर आजोबाला आत घालून घिऊन आलेला. म्हातारा म्हणं एकटा ऱ्हात न्हाई. दोघांनाबी परत लावून दिलं."

मग त्यांनी मागच्या कपाटातला एक खण ओढला. कपाटाला शेदीडशे खण होते आणि प्रत्येकावर एकेका कॉलेजाचं नाव. 'खारवडे' लिहिलेला खण उघडताच खोलीत ओहोटीच्या चिखलाचा वास सुटला. आतून पंख्याची करकर आली, आणि केतकीनं ती ओळखली. खारवड्याच्या वर्गातला तो पंखा दर तिसऱ्या फेरीला करकरतो. पाठोपाठ मांजरेकर सरांचा आवाज आला. दहा पन्नासची हजेरी चालली होती.

"सेहेचाळीस."

"येस सर."

"सत्तेचाळीस."

"येस सर."

हे दुसरं 'येस सर' केतकीचं होतं. किंचित नाकातलं, शेवटी जरा लांबवलेलं. केतकीचे ओठ मिटलेले होते.

"तुझाच न्हवं?"

केतकीला 'हो' म्हणायचं होतं. तिनं तोंड उघडलं, पण काही आलं नाही. आवाज तिकडे वापरात होता. खणातली हजेरी बासष्टपर्यंत जाऊन संपली तेव्हा कुठे तिचं 'हो' बाहेर पडलं, आणि तोपर्यंत बाईंनी खण बंद करून चहा मागवला होता.

"तिकडं रोज हजर, मग हितं कशी भरशील? शनिवारच्या हजेरीपतोर मुदत हाय. त्येच्या आत तिकडची सुट, आन् हितं अठ्ठेचाळीस भर. न्हाईतर जागा त्येंची."

त्यांनी पेन्सिलीनं दाराकडे दाखवलं. दाराबाहेरच्या बाकावर चाळिशीकडे झुकलेले, पुढचे केस मागे सरकलेले एक गृहस्थ मांडीवर डबा घेऊन बसले होते. ते अदबीनं उठून उभे राहिले.

"मकरंद खोपडे. प्रतीक्षा यादी, क्रमांक एक," ते म्हणाले. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका हं. मी कुणाचं वाईट चिंतत नाही. अकरा वर्षं बसतोय फक्त."

*

घोरपडेबाईंनी दिलेला कागद पिवळा होता. 'नव्याने प्रवेश मिळालेल्या बदली विद्यार्थ्यांनी पुढे काय करावे' असं त्याचं शीर्षक. वजन करावे. ओळखपत्र काढावे. वसतिगृहात खोली घ्यावी. वर्गात हजर व्हावे. पाचव्या ओळीत 'मागे काही राहिले असल्यास घेऊन यावे' असं होतं आणि सहाव्या ओळीत, 'पाचवी ओळ आधी वाचावी'.

केतकीनं ती वाचली, आणि कागदाची घडी घालून दुसऱ्या ओळीपासून सुरुवात केली.

ओळखपत्राच्या फोटोत मागचा निळा पडदा आला, एक कान आला आणि वेणीचं टोक आलं. फोटो काढणाऱ्यानं तो तसाच चिकटवून दिला. "कान ओळखू येतोय की," तो म्हणाला.

वसतिगृहाच्या रेक्टर जाधवबाईंनी ओळखपत्र बघितलंच नाही, फक्त वजनाची चिठ्ठी बघितली. तिथे वजनाप्रमाणे खोली मिळत असे. सव्वाअकरा किलोच्या खोलीत दोन्ही कोपर दोन्ही भिंतींना लागत होते. खिडकी पोस्टकार्डाएवढी होती आणि तिच्यातून पठार दिसत होतं. नजर जाईल तिथवर सपाट आणि कोरडं, झुडूपसुद्धा मोजून दोन. इथे समुद्रविज्ञान उत्तम शिकवतात अशी ख्याती होती. समुद्र पावणेतीनशे किलोमीटर लांब असल्यामुळे विद्यार्थ्यांचं लक्ष उडत नाही, असं माहितीपुस्तिकेत छापलं होतं. आणि शेवटच्या वर्षाला जहाजावर नेत असत. खऱ्या, मोजमापं घेणाऱ्या, पांढऱ्या जहाजावर.

त्या जहाजापायीच तर सगळं होतं. खारवड्याच्या जेट्टीवर बसून केतकी आणि उल्का भाटकर लहानपणापासून ते पांढरं जहाज बघत आल्या होत्या. वर्षातून दोनदा ते खाडीच्या मुखापलीकडून जायचं. उल्का हात हलवायची, केतकी हलवायची नाही, कारण आपण त्यावर असणार आणि मग कुणाला हात करायचा, असा तिचा हिशेब होता. अर्ज दोघींनी एकाच टेबलावर बसून भरला होता, एकाच पेनानं.

आता उल्कानं केतकीच्या नावानं 'येस सर' का म्हणावं, तर तेही काही आजचं नव्हतं. उल्का राहायची खाडीपल्याड. ओहोटी असली की तरीची होडी गाळात रुतायची आणि उल्का दहा पन्नासला पोहोचायची नाही. मग नऊ नंबर पुकारला की केतकी खाली मान घालून, आवाज जाड करून, शेवटी थोडं हसू मिसळून म्हणायची, "येस सर." तो उल्काचा आवाज. आणि केतकीला ताप आला, मामाचं लग्न निघालं, की उल्का सत्तेचाळीसला नाकातून "येस सर". पंच्याहत्तर टक्के हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत. म्हणून दोघींनी जेट्टीवरच्या मासळीच्या काट्यावर एकदम चढून शपथ घेतली होती की एकमेकींची हजेरी कधी चुकू द्यायची नाही. काट्यावर त्या दोघी मिळून नव्याण्णव भरल्या होत्या. अठ्ठेचाळीस केतकी, एक्कावन्न उल्का. काटेवाला म्हणाला होता, "एक बांगडा हातात घ्या गो, शंभर होतील."

मांजरेकर सरांना दोन वर्षांत पत्ता लागला नव्हता. किंवा लागला होता आणि ते कंटाळले होते.

*

बुधवारी केतकी समुद्रविज्ञानाच्या वर्गात गेली. वर्गात काचेच्या बरणीत समुद्राचं पाणी ठेवलं होतं आणि त्यावर तारीख होती, केतकीच्या जन्माच्याही आधीची. दहा पन्नासला सरांनी पुकारलं, "बदली तीन."

केतकी उभी राहिली आणि तिनं तोंड उघडलं. काही आलं नाही. तिनं हात हलवला, पण सर हजेरीपटातून मान वर काढणारे नव्हते. "बदली तीन?" ते दुसऱ्यांदा म्हणाले, तिसऱ्यांदा म्हणाले, आणि लाल शाईनं त्यांनी गैरहजर लिहिलं. केतकी उभीच होती. बाकाचा तिच्याखालचा भाग हळूच आत मुडपला गेला.

बाहेर खोपडे डबा उघडून बसले होते. त्यांच्या डब्यात नेहमी दीड भाकरी असे. दीडच, कारण अठ्ठेचाळीसवर राहायचं होतं.

"लग्नात दोन किलो वाढले होते," ते म्हणाले. "उतरवले. मुलगा झाला तेव्हा आनंदानं एक वाढला, तोही उतरवला. बायको म्हणते, तुम्हाला धड आनंदपण होऊ देत नाहीत ते लोक. तुम्ही घ्या ना चतकोर."

"नको."

"घ्या हो. तुमचं वाढलं तरी बिघडत नाही माझं. तसं बिघडतं, पण घ्या."

केतकीनं चतकोर घेतली. काट्यावर काही फरक पडला नाही.

त्या दिवशी तिनं खारवड्याच्या प्राचार्यांना पत्र लिहिलं. माझी बदली झाली आहे, तरी पटावरून माझे नाव कमी करावे, ही विनंती. घोरपडेबाईंनी ते खणात टाकलं. गुरुवारी सकाळी उत्तर वर आलेलं होतं, कडा भिजलेल्या. प्राचार्यांनी कळवलं होतं की सदर विद्यार्थिनी कु. शिरधनकर ही अत्यंत नियमित असून तिची हजेरी शंभर टक्के आहे, सबब नाव कमी करण्याचा प्रश्न उद्भवत नाही. कोणीतरी तिच्या नावाने खोडसाळ पत्रे पाठवत असून तिने त्यापासून सावध राहावे. सोबत नियमित उपस्थितीचं प्रशस्तिपत्रक जोडलं होतं, शिक्क्यासह.

"काट्यावर चढ," घोरपडेबाई म्हणाल्या.

आठ किलो.

"प्रशस्तिपत्रक म्हंजे तीन किलो गेलं. लई गुणाची हाईस तू तिकडं."

"बाई, मी इथे आहे."

"त्ये मला दिसतंय बाळ. हजेरीत दिसाय पाहिजे." बाईंनी पेन्सिल कानामागे ठेवली. "तिकडं तुझ्या नावानं बोलतंय कोण, म्हाईत हाय?"

"नाही," केतकी म्हणाली.

बाकावर खोपडे आपल्या डब्याच्या झाकणाकडे बघत बसले. केतकी बाहेर आली तेव्हा ते इतकंच म्हणाले, "मी पण एकदा घरी सांगितलं होतं, उद्याच नंबर लागतोय. अकरा वर्षांपूर्वी." आणि त्यांनी झाकण लावलं.

*

शुक्रवारी सकाळी केतकी उठली तेव्हा तिची मान खोलीत होती आणि बाकीचं अंग व्हरांड्यात. खोली ट्रंकेएवढी झाली होती. जाधवबाई तिच्यावरून ओलांडून गेल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "वजन वाढव गं, जायला-यायला अडचण होते."

काट्यावर सहा किलो. खणातून कळलं की खारवड्यात तिला वर्गप्रतिनिधी निवडलं होतं, बिनविरोध.

केतकीनं पिवळा कागद उघडला. त्यावर आता फक्त पाचवी ओळ उरली होती.

मोबाइल तिला उचलवेना. खोपड्यांनी तो तिच्या कानाशी धरला, आणि ऐकू येऊ नये म्हणून स्वतः तोंड दुसरीकडे केलं. मोबाइलातून आधी खाडीचा वारा आला.

"कोण?" उल्का म्हणाली.

"मी गो. केतकी."

"कसली केतकी? केतकी हंयच आहे. बाजूला बसलीय माझ्या, शेंगा सोलतेय."

केतकीनं खोपड्यांकडे पाहिलं. ते पठारावरची दोन झुडपं मोजत होते.

"उल्का, चेष्टा नको गो."

"मी कशाला चेष्टा करू? सोमवारी तू आलीसच नाहीस, मी म्हटलं, सांगून गेलीय मावशीकडे चिपळूणला तीन दिवस, लावू हजेरी. तर मंगळवारी बघते, बाकावर तू. जरा पातळ होतीस. बुधवारी भरलीस. काल तर तुझी आई म्हणाली, केतकी हल्ली घरात पसारा करत नाही." शेंग फुटल्याचा आवाज आला. "फक्त बोलत नाहीस. म्हणून बोलायचं मीच बोलते, तुझंही नि माझंही. घसा बसलाय."

"मी मावशीकडे नाहीये."

"हां."

"प्रवेशाची यादी लागली होती, उल्का. मी बघून आले त्या दिवशीच लागली होती. माझं नाव होतं." केतकी थांबली. सहा किलोंत श्वास फार मावत नाही. "तुझं नव्हतं. तुझ्या नावासमोर 'वजन जास्त' असं होतं. मला तुला तोंड दाखवता येईना म्हणून मी सांगितलं, लागलीच नाही."

पलीकडे आणखी एक शेंग फुटली.

"माहीत आहे मला," उल्का म्हणाली. "दुसऱ्या दिवशी मी जाऊन बघून आले. तीन किलोंनी गेली गो माझी जागा. तुझ्या आईचे वडे."

"माहीत होतं? मग हजेरी कशाला लावतेस?"

"अरे वा! शपथ कुणी घातली होती? जाते म्हणाली असतीस तर थांबवली असती. तरीपर्यंत सोडायला आले असते, बॅग धरली असती. तू मावशीकडे गेलीस. मावशीकडे गेलेल्या माणसाची हजेरी लावतात." तिचा आवाज जरा फाटला. घसा बसलेलाच होता. "एवढा राग आलेला मला, सांगू? म्हटलं जाऊ नाही द्यायची हिला. शंभर टक्के भरते हिची, बघते कशी जाते."

पलीकडे कुणीतरी शेंगा सोलत होतं, सावकाश, एकेक. सोलायची ती पद्धत केतकीची होती. दाणे आधी गोळा करून मग एकदम खायचे.

"उद्या शेवटची हजेरी आहे," ती म्हणाली. "उद्या माझा नंबर सोडशील?"

"कसा सोडू? सरांनी सत्तेचाळीस म्हटलं की तोंड आपलं आपण उघडतं गो. झोपेतसुद्धा. परवा तरीवर कुणीतरी तिकीट नंबर सत्तेचाळीस म्हणालं, तर मी ओरडले."

"प्रयत्न कर."

"बघते." आणि मग, जणू सहज, "जहाज दाखवलं का गो त्यांनी?"

"अजून नाही. बरणीत पाणी दाखवलं."

उल्का हसली. ते जाड, शेवटी सुटून जाणारं हसू. "थांब, ही काहीतरी देतेय," ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

खोपड्यांनी मोबाइल पुसून तिच्याजवळ ठेवला. "मी काही ऐकलं नाही," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "पण बाई भली आहे."

*

शनिवारी केतकी चार किलो होती. तिला खोपड्यांनी हातावर घेऊन वर्गात नेलं. काखेत त्यांचा डबा होता. वाटेत ते दोनदा थांबले. दमले म्हणून नव्हे. "मी तुम्हाला वाटेत खाली ठेवलं असतं, तर आज माझा नंबर लागला असता," ते म्हणाले. "हे मनात आलं, म्हणून सांगून टाकलं." आणि ते पुढे चालू लागले.

वजनकाटा वर्गात आणून ठेवला होता. शंभराची तबकडी, काळा काटा. घोरपडेबाई खारवड्याचा खण कपाटातून उपसून दोन्ही हातांत धरून आल्या आणि तो त्यांनी सरांच्या टेबलावर, बरणीशेजारी ठेवला. खोपड्यांनी केतकीला काट्यावर उभं केलं आणि ते दाराशी जाऊन उभे राहिले, कारण त्यांना अजून आत यायचा हक्क नव्हता.

दहा पन्नास झाले. इकडे सरांनी पट उघडला, तिकडे खणात मांजरेकर सरांनी. इकडे बदलीच्या मुलांना सगळ्यात शेवटी पुकारत. खणातला पंखा करकरला.

"सात."

"येस सर."

"आठ."

"येस सर."

"नऊ."

खणात कुणी बोललं नाही.

केतकीनं मान पुढे केली. ओहोटीच्या चिखलाचा वास आला, बाकांची खुडबुड आली, कुणीतरी शेंगेचं टरफल दाबलं. उल्का तिथे नव्हती. केतकीला ते दिसल्यासारखं कळलं. तोंड आपलं आपण उघडतं, त्याला एकच उपाय होता, की सत्तेचाळीस ऐकू येईल इतक्या अंतरावर राहायचंच नाही. उल्का सकाळीच पल्याड निघून गेली होती. बहुतेक तरीच्या टोकावर बसली असेल, दोन्ही कानांवर हात ठेवून.

"नऊ?" मांजरेकर सर दुसऱ्यांदा म्हणाले.

गेल्या आठवड्यात त्यांनी फळ्यावर लिहून दाखवलं होतं. भाटकर, पंच्याहत्तर टक्के. बरोबर पंच्याहत्तर. ओहोट्यांनी खाल्लं होतं तिचं वर्ष. आता एकही दिवस खाली जायला जागा नव्हती.

"गप ऱ्हा," घोरपडेबाई हलकेच म्हणाल्या. "पोरी, ही हजेरी तुझी न्हवं. तुझा नंबर लांब हाय अजून. तोंड मिटून ऱ्हा, सुटशील."

केतकीनं ओठ मिटले, वरून हात ठेवला. दारातून खोपडे तिच्याकडे बघत होते आणि त्यांचेही ओठ मिटलेले होते.

"नऊ?" तिसऱ्यांदा.

"येस सर," केतकी म्हणाली. हाताच्या आडून, आवाज जाड करून, शेवटी थोडं हसू मिसळून.

खणात पेन कागदावर टेकलं. "दहा," मांजरेकर सर म्हणाले.

घोरपडेबाईंनी कानामागची पेन्सिल काढली आणि हातात नुसतीच धरून ठेवली. खणातले आकडे एकेक करून पुढे गेले. वीस. तीस, तीसवाल्याला खोकला झालेला. पंचेचाळीस. सेहेचाळीस.

"सत्तेचाळीस."

पंखा करकरला.

"सत्तेचाळीस? शिरधनकर? आत्ता तर इथे बसली होती." बाकावरून काहीतरी उठल्याचा आवाज आला. "सत्तेचाळीस?"

शेंगांची टरफलं फरशीवर सांडली. मग पेनाचा लांब ओरखडा ऐकू आला, आणि काटा निघाला.

चारवरून तो दहावर गेला, दहावरून सोळावर. केतकीला आपले पाय लागले, मग गुडघे लागले, पाठ लागली, पाठीवर वेणी आपटली. तिचा दुसरा कान आला. तीस. छत्तीस. ओळखपत्रातल्या फोटोत निळ्या पडद्यापुढे हळूहळू चेहरा उगवत होता.

"बदली तीन," इकडचे सर पटातून मान वर न करता म्हणाले.

"येस सर."

आवाज आला, स्वच्छ आणि मोठा. नाकातला. त्याच्या मागोमाग, त्याला चिकटूनच, जाड आवाजातला दुसरा. सरांनी पहिल्यांदाच मान वर केली.

पंचेचाळीस. सेहेचाळीस. खोपड्यांनी डबा बगलेत मारला आणि टाळी वाजवायला हात मोकळे केले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते नेमके कशानं ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

काटा अठ्ठेचाळीसवर आला. तिथे तो जरासा थरथरला.

केतकीच्या सलवारीच्या कडेवरून खाडीचं पाणी काट्याच्या पत्र्यावर ठिबकलं. तिची मूठ वळलेली होती, आणि तिनं ती उघडली तर तळहातावर सोललेले शेंगदाणे होते, दोघींना पुरतील एवढे.

"थांब म्हण त्येला," घोरपडेबाई म्हणाल्या. "पोरी, त्येला थांब म्हण."

काटा एकोणपन्नासवर गेला, आणि पुढे सरकू लागला.